बंगालच्या शिडाच्या होड्या आणि त्यांची चित्रे

मागे दोन डोंगर, डोंगरांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी माडाचे झाड आणि पाण्यावर एक शिडाची होडी. हे चित्र शाळेत असताना ज्याने काढले नाही असा माणूस आपल्या सभासदांत क्वचितच निघेल. पुढे हेच चित्र जरा चांगल्या हाताने काढलेले आपणांस दवाखान्यात, केशकर्तनालयात आणि दिनदर्शिकेवर भेटते. ते पाहून मनाला बरे वाटते. परंतु त्यात काय आहे असे कोणी विचारले तर 'सीनरी' याखेरीज दुसरे उत्तर सुचत नाही. होडी कोणत्या जातीची, ती कोठून कोठे चालली आहे, वारा कोणत्या बाजूचा, सुकाणू कोणाच्या हाती, हे प्रश्न चित्राला विचारण्याची आपणांस सवयच नाही. मुलांच्या वह्यांत तर पुष्कळदा शीड एका बाजूस फुगलेले आणि डोलकाठीवरचे निशाण दुसऱ्या बाजूस फडकणारे असते. म्हणजे एकाच होडीवर दोन वारे वाहत असतात!

चित्र हे नुसते शोभेचे नसते, ते वाचावयाचेही असते, एवढे दाखविण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. त्यासाठी आम्ही बंगालच्या नद्या निवडल्या आहेत. तेथे नदी आणि होडी ही सहलीची वस्तू नसून संसाराची वस्तू होती. तेथील होड्यांची चित्रे निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या हेतूंनी काढली. आणि मुख्य म्हणजे त्या शिडाच्या होड्या आमच्या पिढीच्या हयातीतच जवळजवळ नाहीशा झाल्या. आता त्या पाहावयाच्या तर चित्रांतच पाहाव्या लागतात. बडोदेकरांस तर हा विषय अगदीच परका नाही. आपल्या कीर्तिमंदिरात 'गंगावतरणा'चे भव्य भित्तिचित्र आहे. ते १९३९ मध्ये काढणारे नंदलाल बोस हे बंगालचेच. गंगा स्वर्गातून उतरली ती गोष्ट आपल्या गावच्या भिंतीवर आहे. ती समुद्राला मिळते त्या टोकाची गोष्ट येथे सांगावयाची आहे.

नदी आणि वारा

गंगा बांगलादेशात शिरली की तिचे नाव पद्मा होते. गोआलंदोजवळ तिला ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह मिळतो, त्यास तेथे जमुना म्हणतात. पुढे चांदपूरजवळ मेघना मिळते आणि मग हे सारे पाणी समुद्रास जाते. या प्रदेशाची जमीन समुद्रसपाटीपासून फारच थोडी उंच आहे. डोंगर नाही, खडक नाही; सगळा गाळ. साधारण पावसाळ्यात देशाचा सुमारे एक पंचमांश भाग पाण्याखाली जातो, आणि घरोघरच्या अंगणापर्यंत होडी येते. आजही तेथील जलमार्ग पावसाळ्यात सुमारे ६,००० किलोमीटर असतात. उन्हाळ्यात ते आटून ३,८०० किलोमीटरच्या आसपास उरतात.

इंग्रजांच्या अमदानीत बंगालचा पहिला पद्धतशीर नकाशा जेम्स रेनेल याने केला. त्याची मोजणी १७६४ मध्ये सुरू झाली. या नद्यांवरील वाहतुकीवर ३०,००० नावाड्यांचे पोट चालते असा त्याचा अंदाज होता. आज आपण मालमोटारींचे चालक मोजतो तसे त्याने नावाडी मोजले, यावरूनच त्या देशात रस्त्याचे काम कोण करीत होते ते कळते.

आता वाऱ्याकडे वळू, कारण शिडाचे सारे गणित वाऱ्यावर आहे. बंगालमध्ये फाल्गुन-चैत्रापासून भाद्रपदापर्यंत वारा बहुधा दक्षिणेकडून, समुद्राकडून येतो. नदी मात्र समुद्राकडे जाते. म्हणजे पाणी एका दिशेने आणि वारा नेमका उलट दिशेने. नावाड्यास याहून मोठे वरदान कोणते? समुद्राकडे जावयाचे तर शीड उतरवावे, होडी प्रवाहात सोडावी, वल्ही मारावी. वर परतावयाचे तर शीड उभारावे आणि प्रवाह कापीत जावे. जाताना पाण्याचे भाडे नाही आणि येताना वाऱ्याचे नाही. वारा पडला, किंवा नदीने असे वळण घेतले की वारा समोरून येऊ लागला, तरच अडचण. मग काठावर उतरून दोरीने होडी ओढावी लागे. या दोरीविषयी पुढे सांगावयाचे आहे.

होडीची घडण

आपल्या कोकण किनाऱ्यावरचे मचवे, पडाव आणि पतेमाऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस त्यांचे तिरके, तिकोनी धाटणीचे शीड आठवत असेल. ते शीड बाजूच्या वाऱ्याचाही उपयोग करून घेते. समुद्रात त्याची गरज असते. बंगालच्या नदीतील होडीचे शीड बहुधा चौकोनी. एकच डोलकाठी, तिच्यावर आडवा बांबू आणि बांबूला टांगलेले कापड. पाठीमागून येणारा वारा भरून घ्यावयाचा, एवढेच त्याचे काम. आणि वर सांगितलेल्या वाऱ्यास तेवढे पुरेसे होते. शिडाचे कापड आणि मासेमारीची जाळी कुजू नयेत म्हणून त्यांस गाबाच्या फळाचा रस देत. गाब हे आपल्या टेंबुर्णीच्या कुळातले झाड. त्या रसाने कापडास तांबूस-तपकिरी रंग चढे. शीड फाटले की हाताशी येईल त्या कापडाचे ठिगळ लावीत. बंगालच्या चित्रांत जी रंगीबेरंगी शिडे दिसतात त्यांत चित्रकाराची हौस थोडी आणि नावाड्याचे दारिद्र्य अधिक असते.

होडीचा आकारही पाहण्यासारखा. पुढचे टोक खाली, पाण्यालगत. मागचे टोक उंच उचललेले. बूड गोलसर किंवा सपाट, खाली उभा कणा नाही. याची कारणे त्या भूमीतच आहेत. नदीत वाळूचे दांडे दरवर्षी जागा बदलतात. खोल बुडाची होडी तेथे रुतली असती. काठाला धक्का नाही, फरसबंदी नाही. म्हणून होडीचे नाकच चिखलात खुपसून माल चढवावयाचा व उतरवावयाचा. यासाठी पुढचे टोक बुटके. उलट मागे उभ्या असलेल्या सुकाणूवाल्यास पेंढ्याच्या गंजीवरून किंवा बांबूच्या छपरावरून पलीकडचे दिसले पाहिजे. म्हणून ते टोक उंच. सुकाणू म्हणजे मोठे रुंद वल्हेच. ते बाजूस दोराने बांधलेले असे.

बांधणीचीही रीत निराळी. आपल्या कल्पनेप्रमाणे आधी सांगाडा आणि मग त्यावर फळ्या असे व्हावयास हवे. तेथील सुतार आधी फळीला फळी भिडवून होडीचे कवच पुरे करी आणि मग आतून वाकणे बसवी. फळ्या एकमेकींस जोडण्यासाठी लोखंडाचे चपटे आकडे ठोकीत. नकाशा कागदावर नसे. तो सुताराच्या डोळ्यात असे. प्रवासासाठी पानसी, जमीनदारांसाठी खोल्या असलेला बजरा, मिरवणुकीसाठी मोराच्या मुखाची मयूरपंखी, मालासाठी पटेला, उलाक आणि पालवार, अशा कितीतरी जाती. रवींद्रनाथ ठाकूर आपल्या जमीनदारीच्या कामासाठी 'पद्मा' नावाच्या ज्या नौकेत राहत, ती असाच घरगुती बजरा होती.

नावाड्यांत हिंदूही असत आणि मुसलमानही. होडी लोटताना पूर्व बंगालचा नावाडी 'बदर, बदर' असा पुकारा करी. पीर बदर हे चितगावचे साधू. पाण्यावर ते रक्षण करतात अशी श्रद्धा. हा पुकारा हिंदू नावाडीही करीत आणि गंगामाईचे नाव मुसलमान नावाड्याच्या तोंडीही येई. वादळात सापडलेल्या माणसास हाक कोणाला मारावी याची चर्चा करावयास सवड नसते.

आधीची चित्रे

बंगाली कारागिराने होडी फार पूर्वीपासून कोरली आहे. विष्णुपूरचे जोडबंगला मंदिर १६५५ मध्ये बांधले. त्याच्या भाजलेल्या मातीच्या फलकांवर माणसांनी भरलेल्या नौका आहेत. नदीचा गाळ भाजून देऊळ उभे राहिले आणि त्याच गाळात नदीवरची होडीही उमटली.

कागदावर मात्र या होड्यांची नीट नोंद प्रथम एका परक्या माणसाने केली. फ्रान्स्वा बाल्ताझार सॉल्व्हिन्स हा १७६० मध्ये अँटवर्प बंदरात जन्मला. तो मूळचा जहाजांची व बंदरांची चित्रे काढणारा. १७९१ मध्ये तो नशीब काढण्यास कलकत्त्यास आला. तेथील बड्या इंग्रजांच्या वर्तुळात त्यास स्थान मिळाले नाही. बग्ग्या आणि पालख्या रंगवून त्याने पोट भरले. पण याच काळात तो रस्त्यावर आणि घाटावर हिंडला आणि बंगालच्या लोकांचे व्यवसाय, पोशाख, वाद्ये, वाहने व होड्या यांची २५० कोरीव रंगीत चित्रे त्याने कलकत्त्यास प्रसिद्ध केली. विहाराच्या होड्या आणि मालाच्या होड्या यांसाठी त्याने स्वतंत्र विभाग ठेवले. ग्राहक मिळाले नाहीत. १८०३ च्या सुमारास तो युरोपात परतला आणि १८०८ ते १८१२ या काळात पॅरिसमध्ये त्याने 'ले झँदू', म्हणजे 'हिंदू लोक', हा चार खंडांचा मोठा ग्रंथ काढला. तोही खपला नाही. शेवटी आपल्या गावी, अँटवर्पला, त्यास बंदराच्या अधिकाऱ्याची जागा मिळाली आणि १८२४ मध्ये तो वारला.

त्याच्या हयातीत ज्या कामास गिऱ्हाईक मिळाले नाही त्याचे मोल आज अभ्यासकांना कळते. सॉल्व्हिन्सने होडीचे चित्र माणसाच्या तसबिरीसारखे काढले. बाजूने, पुरते, एकेका जातीचे वेगळे. बंदरात वाढल्यामुळे दोर कोठे बांधतात, सुकाणू कसे लटकते, छप्पर कशाचे असते हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. पटेला कशी होती हे आज कोणास पाहावयाचे झाले तर त्याच्या चित्राकडे जावे लागते.

त्याच काळात टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे इंग्रज चित्रकार १७८८ मध्ये कलकत्त्याहून होडीने गंगेच्या उगमाकडील प्रदेशात गेले. पेटीत भिंगातून दृश्याचे प्रतिबिंब पाडून त्यावरून रेषा उतरवून घ्यावयाची, असे 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' नावाचे साधन ते वापरीत. त्यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या ग्रंथात १४४ चित्रे आहेत. ती १७९५ ते १८०८ या काळात निघाली आणि फार नावाजली गेली. परंतु त्यांचे लक्ष घाट, मशिदी, देवळे आणि किल्ले यांवर. होडी असते ती पाण्याची रिकामी जागा भरावी म्हणून आणि इमारत किती उंच आहे ते कळावे म्हणून. दवाखान्यातील ज्या 'सीनरी'चा आम्ही आरंभी उल्लेख केला तिचे घराणे या चित्रांशी जुळते. सॉल्व्हिन्स होडी दाखवितो, डॅनियल देखावा दाखवितात. होडी चालविणाऱ्याचे सुखदुःख दाखविणारा चित्रकार अद्याप यावयाचा होता.

झैनुल आबेदीन

तो नदीकाठीच जन्मला. झैनुल आबेदीन यांचा जन्म २९ डिसेंबर १९१४ रोजी त्या वेळच्या मैमनसिंह जिल्ह्यातील किशोरगंज येथे झाला. वडील पोलीस खात्यात होते. घर बेताचे, धार्मिक वळणाचे. मैमनसिंह शहरावरून जी ब्रह्मपुत्रा वाहते ती जुनी ब्रह्मपुत्रा होय. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नदीचा मुख्य प्रवाह हळूहळू पश्चिमेस सरकला आणि येथे मोठे पात्र व थोडे पाणी उरले. विस्तीर्ण वाळू, काशाचे पांढरे तुरे, संथ पाणी आणि त्यावर होड्या. झैनुल या नदीलाच आपला गुरू मानीत.

चित्रकलेकडे जाणाऱ्या मुलास आमच्या मुसलमान घरांतून, आणि खरे सांगावयाचे तर हिंदू घरांतूनही, 'यात पोट कसे भरणार' हा प्रश्न विचारला जातो. त्यांच्याही घरी तो विचारला गेला असल्यास नवल नाही. पण मुलाची ओढ पाहून त्यांच्या आईने गळ्यातला सोन्याचा हार विकला आणि त्यांस कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत धाडले. १९३३ मध्ये ते तेथे दाखल झाले आणि १९३८ मध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या अखिल भारतीय प्रदर्शनात त्यांस गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. कशासाठी? ब्रह्मपुत्रेच्या जलरंगातील चित्रमालेसाठी. आईच्या हाराची भरपाई नदीने केली असे म्हणावयास हरकत नाही.

जलरंग हे माध्यम नदीच्या चित्रास जणू आपणहून जुळते. तेलरंगात पांढरा रंग वरून लावता येतो. जलरंगात पांढरे म्हणजे कोरा कागद. तो आधीच राखून ठेवावा लागतो. पाण्यावरची चकाकी ही रंगविलेली नसते, ती न रंगविता सोडलेली असते. ओल्या कागदावर एकाच फटकाऱ्यात आभाळ घ्यावे लागते. चुकले तर पुसता येत नाही. या चित्रांत डोंगर नसतात, कारण त्या देशात ते नाहीत. क्षितिजाची रेषा खाली, आभाळ मोठे, मध्ये वाळूची एक पट्टी आणि होडी लहान. मुलांनी एवढे जरी ध्यानात घेतले तरी त्यांच्या वहीतील ते दोन डोंगर विचार करून येतील.

होड्या गेल्या, तेव्हा काय झाले

येथवर कथा सुखाची होती. पुढे १९४२ साल आले. जपानी फौजा ब्रह्मदेशात पोहोचल्या होत्या. त्या बंगालच्या किनाऱ्यावर उतरल्या तर त्यांस वाहने मिळू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनाऱ्याकडील जिल्ह्यांत दहापेक्षा अधिक माणसे वाहू शकणाऱ्या होड्या ताब्यात घेण्याचे ठरविले. सुमारे ४५,००० होड्या लोकांच्या हातून गेल्या. काही लांब नेऊन ठेवल्या, काही फोडल्या, काही जाळल्या.

ज्या देशात बैलगाडीचे, रस्त्याचे आणि पुलाचे काम होडीच करते, तेथून होडी काढून घेणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनी करावा. नदीतल्या बेटांवर ज्यांची शेते होती त्यांस शेतावर जाता येईना. कोळ्यास मासे धरता येईनात, कुंभारास मडकी बाजारात नेता येईनात, आणि तांदूळ असलेल्या गावाहून नसलेल्या गावास तो पोहोचेना. बंगालच्या दुष्काळास हे एकच कारण नव्हते. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरकडे मोठे वादळ झाले होते, लढाईने भाव भडकले होते, साठेबाजी होती आणि सरकारची बेफिकिरीही होती. पण होड्या गेल्याने गरिबाचे हात बांधले गेले यात शंका नाही. १९४३ मध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्यांत नावाडी, कोळी व शेतमजूर यांचा भरणा मोठा होता.

नदीचे सुंदर जलरंग काढणारे झैनुल तेव्हा कलकत्त्यास कलाशाळेत शिकवीत होते. खेड्यांतून आलेली माणसे रस्त्यावर मरत होती. त्यांनी जलरंग बाजूस ठेवले. स्वस्त कागद घेतला, काळी शाई घेतली आणि कोरड्या कुंचल्याने ती माणसे काढली. उकिरड्यावर कुत्र्याकावळ्यांबरोबर अन्न शोधणारी, कडेवरच्या मुलासकट कोसळलेली. त्यांत नदी नाही, आभाळ नाही, मागे काहीच नाही. नुसता कोरा कागद. पूर्वी जो कोरा कागद पाण्याची चकाकी होता तोच येथे भूक झाला आहे. या रेखाटनांनी त्यांचे नाव देशभर झाले. त्यांचे आधीचे नदीचे चित्र आणि हे दुष्काळाचे चित्र ही दोन वेगळ्या विषयांची चित्रे आहेत असे आम्हांस वाटत नाही. नदीवरून होडी उचलली म्हणजे जे उरते ते दुसरे चित्र होय.

दोरीचे चित्र

फाळणीनंतर ते ढाक्यास गेले आणि १९४८ मध्ये त्यांनी तेथे कलाशाळा उभी केली. पुढे दोन वर्षे लंडनला अभ्यास करून परतल्यावर त्यांनी आपल्या खेड्यातील बाहुल्या, गोधड्या आणि पट यांच्याकडे नव्याने पाहिले; रेषा साधी व ठाम केली. या काळातील त्यांचे १९५५ चे प्रसिद्ध चित्र म्हणजे 'गुणटाना'.

संस्कृतात 'गुण' म्हणजे दोरी हे आपणांस ठाऊक आहेच. बंगाली नावाड्याने तो शब्द जसाच्या तसा ठेवला. वारा पडला की डोलकाठीच्या शेंड्याजवळ लांब दोरी बांधीत. दोरी शेंड्याजवळ अशासाठी की ती काठावरच्या झुडपांत अडकू नये. तिचे दुसरे टोक खांद्यावर घेऊन माणसे काठाकाठाने होडी ओढीत. कधी चिखलातून, कधी कमरेएवढ्या पाण्यातून, कोसचे कोस. झैनुलांच्या चित्रात पुढे झुकलेले देह आणि ताणलेली दोरी यांचेच राज्य आहे. देखावा म्हणावा असे जवळजवळ काही नाही. जो माणूस शिडाच्या होडीचे चित्र पाहून 'किती शांत!' म्हणतो, त्यास हे चित्र सांगते की वारा पडल्यावर होडी कशी चालते तेही एकदा पाहा.

झैनुल २८ मे १९७६ रोजी वारले. ढाका विद्यापीठाच्या मशिदीलगत त्यांची कबर आहे. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९७५ मध्ये, त्यांच्या प्रयत्नाने सोनारगाव येथे लोककलांचे संग्रहालय सुरू झाले आणि मैमनसिंहला ब्रह्मपुत्रेच्या काठीच त्यांच्या चित्रांचे संग्रहालयही झाले.

इंजिन आले

यानंतर होडीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८० नंतरच्या दहा वर्षांत बांगलादेशातील शेतकऱ्यांनी विहिरीवरच्या पंपाची लहान डिझेल इंजिने सुटी करून होडीवर बसविली. उथळ विहिरीच्या पंपावरून त्या इंजिनाचे नावच 'शॅलो' पडले आणि आवाजावरून त्या होडीस 'भटभटी' म्हणू लागले. पेरणीच्या दिवसांत इंजिन शेतावर, पावसाळ्यात होडीवर. हा शोध कोणा मोठ्या कारखान्याचा नव्हे, गरीब माणसाच्या अकलेचा. दहा-पंधरा वर्षांत शीड गेले, डोलकाठी गेली, दोरीही गेली. शीड शिवणारा, काठी निवडणारा, आकारावरून होडीचे गाव ओळखणारा, असे जाणते लोकही हळूहळू गेले.

यावर नुसते हळहळणे आम्हांस बरोबर वाटत नाही. दोरी गेली म्हणजे माणसाच्या खांद्यावरचा वळ गेला. ज्याने ती दोरी ओढली नाही त्याने तिच्यासाठी रडू नये. परंतु शेकडो वर्षे लोकांनी जे ज्ञान मिळविले होते, वाळू कोठे सरकते, फळी कशी वाकते, वारा केव्हा फिरतो, ते कोठेही न नोंदता बुडाले तर ती हानी खरी आहे. सॉल्व्हिन्सच्या तसबिरी आणि झैनुलांचे जलरंग यांचे मोल येथे कळते. एकाने होडी कशी होती ते ठेवले. दुसऱ्याने ती चालविताना माणसाचे काय होत होते ते ठेवले.

चित्रास विचारावयाचे पाच प्रश्न

आम्ही वर्गात मुलांस अशा चित्रापुढे पाच प्रश्न विचारावयास सांगतो. घरच्या मंडळींसही ते उपयोगी पडतील.

पहिला, वारा कोठून? शीड, निशाण, धूर आणि झाडांचे शेंडे यांची साक्ष जुळली पाहिजे. दुसरा, पाणी कोणीकडे वाहते? शीड उभारलेली होडी बहुधा प्रवाहाविरुद्ध चालली आहे आणि उतरविलेली प्रवाहाबरोबर. तिसरा, होडीचा काठ पाण्याच्या किती वर आहे? काठ पाण्याला टेकू लागला असेल तर माल भरलेला आहे, वर असेल तर ती रिकामी परतते आहे. म्हणजे धन्याचा दिवस कसा गेला ते कळते. चौथा, माणसे किती आणि काय करीत आहेत? सुकाणूवर कोणी नसेल तर ती होडी चित्रकाराने पाहिलेली नाही, कल्पिलेली आहे. पाचवा, क्षितिज कोठे आहे? ते खाली असेल तर चित्रकार काठावर किंवा होडीतच बसला होता. उंच असेल तर तो गच्चीवरून अगर टेकडीवरून पाहत होता. कोण कोठून पाहतो हे कळले की तो काय पाहणार नाही तेही बरेचसे कळते.

समारोप

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विश्वस्तांपुढे एक लहानशी सूचना ठेवून हा लेख पुरा करतो. आपल्या शहरातही रोज काही ना काही नाहीसे होत आहे. एखाद्या गल्लीतला कल्हईवाला, पिंजाऱ्याची धनुकली, लाकडी नक्षीच्या घराची ओसरी, विश्वामित्रीच्या काठचा जुना घाट. चित्रकलेच्या स्पर्धेत मुलांस 'निसर्गचित्र' हा विषय देण्याऐवजी दरवर्षी अशी एक वस्तू प्रत्यक्ष पाहून काढावयास सांगावे. चित्राखाली वस्तूचे नाव, तिच्या भागांची नावे, ती वापरणाऱ्याने सांगितलेल्या दोन गोष्टी आणि तारीख लिहावी. बक्षीस थोडे असले तरी चालेल. चित्रे मात्र ट्रस्टच्या कचेरीत जपून ठेवावीत. पन्नास वर्षांनी शतकमहोत्सवाच्या स्मरणिकेस याहून चांगली चित्रे मिळणार नाहीत.

आणि शिष्यवृत्तीचे अर्ज तपासताना एखाद्या मुलाने अगर मुलीने चित्रकलेच्या शिक्षणासाठी मदत मागितली, तर तो अर्ज डॉक्टर-इंजिनियरांच्या अर्जांखाली जाऊ देऊ नये. मैमनसिंहच्या त्या माउलीपाशी विकावयास हार तरी होता. ज्यांच्या आईपाशी तोही नाही, त्यांच्यासाठीच तर आपल्या वडीलधाऱ्यांनी हा ट्रस्ट काढला.